पेला हातात द्या

उपदेशकानं पितळी पेला माझ्या तोंडासमोर धरला आणि मी ओंजळ केली.

गुडघ्यावर होतेच. आणखी वाकले. दोन्ही हात जुळवून हनुवटीखाली धरले, डोळे मिटले आणि वरून धार पडायची वाट बघत राहिले. माझं ते पहिलं प्रभुभोजन. आदल्या आठवड्यात नदीवर बाप्तिस्मा झालेला. पेला हातात धरून प्यायचं, हे उपदेशकानं शिकवलं होतं. पण माझे हात पाटलाच्या विहिरीवर शिकलेले. भांडं दिसलं की ते आपोआप जुळायचे.

पुढच्या सतरंजीवर शिक्षकाच्या, कंपाउंडरच्या घरची माणसं होती. तिकडून हसू आलं. मी डोळे उघडले. उपदेशक थांबला होता. त्याची बायको हळूच म्हणाली, "असंच ओता. बरंच झालं."

त्यानं ओतलं.

मनुका उकळून गाळलेलं ते गोड पाणी. बोटांतून गळलं, लुगड्यावर सांडलं. उरलं ते मी प्यायले. माझ्यामागे माझा बाप होता, आणि आणखी दोन म्हातारे भिल. त्यांनाही ओंजळीतच मिळालं. आमच्यातले प्रभुभोजनाला बसलेले आम्ही चौघंच, पहिलेच. चूक माझी, आणि ती आमच्या ख्रिस्ती देवळाची रीत झाली. त्याची मला आजही लाज वाटते.

महाराष्ट्र नुकताच वेगळा झाला होता, त्या वेळची ही गोष्ट. आमचं गाव म्हसावदच्या खाली, तापीकडचं. माझा बाप पाटलाचा सालदार. आमची खोपी पाटलाच्या बांधावर. देवळाची जागा पाटलानं दिलेली, उपदेशकाच्या घरी दूधही पाटलाकडचं. म्हणजे आम्ही ज्याला भ्यायचो, त्यालाच उपदेशकही भ्यायचा. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

दूध घालणाऱ्याबरोबर बातमी पाटलाकडे गेली. दुसऱ्या दिवशी विहिरीवर गडी माझ्या ओंजळीत पाणी ओतत होता आणि पाटील खाटेवरून बघत होता. म्हणाला, "काय व पोरी, देवना घरमा बी ओंजळच का? सरगमा जाशी तवय पेलामा पिजो. आठे हाईच चांगलं शे."

म्हणजे पेला स्वर्गात गेल्यावर, इथं ओंजळच बरी. गडी हसला. मीही हसले. भीतीनं हसले. त्या हसण्याची मला जास्त लाज वाटते.

संध्याकाळी उपदेशकाकडे गेले. त्यानंच आम्हाला सांगितलं होतं, की देवाचं राज्य आलंय आणि अजून यायचंही आहे. पेरणी झालीय, मळणी बाकी आहे. येशूनं सभास्थानात जुनं वचन वाचलं, ग्रंथ गुंडाळला आणि म्हणाला, हे आज पुरं झालं. आज. तो शब्द मी गाठीशी बांधून ठेवला होता.

मी विचारलं, "गुरुजी, देवाच्या राज्यात सगळ्यांनी एका मेजावर बसायचं, हे वचन आजचं का उद्याचं?"

"धीर धर, बाळ. तो दिवस येणार आहे. तिथं सगळे एकत्र बसतील."

"आणि इथं?"

तो दाराकडे बघत म्हणाला, "पाण्यात राहून माशाशी वैर कसं करायचं, तूच सांग."

पाटील जे हसून बोलला, तेच हा डोळ्यांत पाणी आणून बोलला. मला वाटेतच रडू फुटलं. पेरलं म्हणता, तर कोंब कुठं आहे? आठ दिवसांत कपाशीचासुद्धा दिसतो. नाही दिसला तर माणूस माती उकरून बघतो. आम्हाला मात्र कुणी उकरू देत नव्हतं.

पुढचं प्रभुभोजन तीन महिन्यांनी. ते तीन महिने मी भीतभीत काढले. खोपीत लोट्यानं पाणी पिताना दोन्ही हातांनी लोटा घट्ट धरायचे. हातांना शिकवत होते. बापाला कळलं. तो आमच्या बोलीत एवढंच म्हणाला, की खोपी कुणाच्या बांधावर आहे ते विसरू नको.

तो रविवार आला. रांगेत गुडघे टेकले. पुढच्या सतरंजीवरून पेला हातोहात फिरला. मग उपदेशक तो घेऊन माझ्याकडे आला आणि वरूनच तिरका केला.

माझे हात जुळायला लागले. खरं सांगते, जुळतच होते. मी ते मांड्यांवर दाबून धरले. तिथंच लघवी होईल असं वाटलं.

"पेला हातात द्या."

आवाज माझाच होता, पण ओळखू आला नाही. उपदेशकाची बायको म्हणाली, "बापाची भाकरी जाईल. समजतंय का तुला?"

"समजतंय."

पेल्यातलं माझ्या गुडघ्यावर सांडलं. एक क्षण उपदेशकानं पेला खाली आणला. माझ्या बोटांना पितळ लागलं, गार. मग तो पुढे सरकला.

पुढे माझा बाप. त्यानं ओंजळ केली. प्यायला. माझ्याकडे बघितलं नाही.

बापावर माझा राग नाही. तो आमच्या छपरासाठी वाकला. त्याला वाकवलं, त्यावर राग आहे. आणि त्या वाकण्यावर स्वर्गाचं पांघरूण घातलं, त्यावर त्याहून जास्त.

सोमवारी विहिरीवर गडी बादली घेऊन उभा राहिला. मी हात पुढे केले नाहीत. तहानेनं जीभ टाळ्याला चिकटली होती. दुपारी नदीवर गेले, घरचा लोटा बुडवून प्यायले. आठवड्याच्या आत बापाला पाटलानं कामावरून काढलं. खोपीची लाकडं आम्ही डोक्यावरून धानोऱ्याकडे नेली.

यायचं ते राज्य मी नाकारत नाही. येऊ दे. पण त्यातलं जे आजचं आहे, ते माझ्या वाटचं उद्यावर ढकलायचा हक्क मी कुणाला देणार नाही. पाटलाला नाही, उपदेशकालाही नाही.

भीती गेलेली नाही. दर प्रभुभोजनाला हात तसेच जुळायला बघतात. इथल्या, धानोऱ्याच्या देवळातही आम्हाला वरूनच ओततात. मी जाते, रांगेत बसते. हात उघडे, एकमेकांपासून लांब. दर वेळी पेला पुढे जातो.

मी ओंजळ करणार नाही.