मांडवामागची चूल

शहापूरच्या बाजारात तेव्हा एक सायबर कॅफे होता. पडदे लावलेले छोटे छोटे कप्पे, प्रत्येकात एक कॉम्प्युटर. ऑफिस सुटलं की मी तिथे जायचे. नवऱ्याने टाकलेली बाई रोज पडद्याआड बसते म्हटल्यावर लोकांना चघळायला विषयच मिळाला. कुणा पुरुषाशी गुलुगुलु चाललंय, असं त्यांना वाटायचं. खरं तर कॉम्प्युटरवरच्या आमच्या गप्पांच्या गटात सगळ्या बायकाच होत्या, एकट्याने पोरं वाढवणाऱ्या. कुणी सांगलीची, कुणी दुबईची. खोटी नावं घ्यायची, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं आणि मन मोकळं करायचं. पोरांची आजारपणं, शाळेत 'बाबा काय करतात' विचारणारे शहाणे, सगळं तिथे निघायचं.

त्यातली एक फार फटकळ. एवढी हिंमत म्हणजे मोठ्या शहरातलीच असणार, असं मी धरून चालले होते. पण आमच्याकडे लाइट जाऊन कॅफे इन्व्हर्टरवर आला की नेमकी तीही गायब व्हायची. असं वारंवार झालं तेव्हा विचारलं, "बाई, तू आहेस तरी कुठे?" उत्तर आलं, "मुरबाड." म्हणजे आमच्या शेजारचाच तालुका! मला हसू आवरेना.

त्याच सुमारास धाकट्या भावाचं लग्न ठरलं. आईने आधीच बजावलं, "हळद सवाष्णी लावतील. तू वड्यांकडं बघ गो. लोकांच्या तोंडाला हात नाय लावता येत." याच भावाला मी कडेवर घेऊन वाढवलं होतं. त्याला हळद लावावी, एवढीच माझी इच्छा होती. मी गटात लिहिलं, गावाचं नाव आणि हळदीचा दिवसही लिहून बसले. मुरबाडकरणीने लगेच झापलं, "चुलीकडे गेलीस तर याद राख. सरळ पाटापाशी जा."

लिहायला हिचं काय जातं! हळदीच्या दिवशी मी मांडवामागे मुकाट वडे तळत बसले. ढोल वाजायला लागला तसे डोळे भरून आले. धूर होताच निमित्ताला.

इतक्यात शाळकरी मुलीचा हात धरून एक अनोळखी बाई मागच्या बाजूने आली.

"हितंच बसलीस ना? वाटलंच मला."

आवाज कधी ऐकला नव्हता, तरी ओळखलं. तिने माझ्या हातातला झारा काढून घेतला. "जा. वडे मी बघते."

मी गेले. सवाष्णी थबकल्या. आई बघतच राहिली. भावाने मात्र गाल पुढे केला. "ताय, कवाची वाट बघतोय तुजी." मी दोन्ही हातांनी त्याला हळद माखली आणि सगळ्यांसमोर रडले.

परत आले तर ती तळत होती, अगदी सराईतपणे.

"आता तूही चल मांडवात," मी म्हटलं.

"नको," ती कढईतून नजर न काढता म्हणाली. "माज्या भावाच्या हळदीला मी चुलीपाशीच होते. मला उठवाया कोन आला नाय."

माझ्या हाताला हळद उरली होती. ती मी तिच्या गालाला लावली.

"वडा करपंल," ती म्हणाली, पण गाल काही बाजूला घेतला नाही.