मेथकूट तीन दिवस सांगत होता

मेथकूट मेला, कारण मी खोटं बोललो.

आज वर्ष झालं. तेव्हा मी इथे "अचानक गेला" अशी पोस्ट लिहिली होती. तुम्ही सगळ्यांनी धीर दिलात.

अचानक वगैरे काही नव्हतं.

मेथकूट म्हणजे आमचा बोका. फिकट पिवळा, म्हणून ते नाव. आमचा म्हणजे खरं तर सानिकाचा, माझ्या मुलीचा. ती शिकायला जर्मनीला गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता.

निघताना मला म्हणाली, "बाबा, तुला तो फारसा आवडत नाही, माहितीये. पण बघशील ना त्याच्याकडे?"

"बघतो गं. त्यात काय एवढं बघायचंय?"

बघायचंच होतं. तेवढंच काम होतं.

तो गेला त्या आठवड्यात बायको नाशिकला बहिणीकडे गेली होती. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मी आणि तो.

गुरुवारी सकाळी त्याने माझ्या उशीवर लघवी केली. जेमतेम चार थेंब.

मी उशीचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. "साहेबांनी आज अभिषेक केला आहे. प्रसाद संध्याकाळी."

सगळे हसले. मी पण.

त्याच्यावर मात्र ओरडलो. पेपरची गुंडाळी करून त्याच्या शेजारी आपटली. मारलं नाही. पण तो पलंगाखाली गेला तो दुपारपर्यंत बाहेर आला नाही.

शुक्रवारी तो सारखा लिटर बॉक्समध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूच्या वाळूच्या डब्यात.

आत जायचा, वाळू उकरायचा, बसायचा, कण्हायचा, बाहेर यायचा. पाच मिनिटांनी पुन्हा आत.

मला वाटलं, पोट साफ होत नसेल. बोटावर तूप घेऊन चाटवायला गेलो. त्याने तोंड फिरवलं आणि बाथरूममध्ये गार फरशीवर जाऊन बसला.

माझं वर्क फ्रॉम होम. कॉल चालू होता. त्याचं ओरडणं पलीकडे ऐकू जात होतं, म्हणून मी खोलीचं दार लावून घेतलं.

हो. दार लावून घेतलं.

संध्याकाळी सानिकाचा फोन आला.

"बाबा, उशीवर का केली त्याने? असं तो कधीच करत नाही."

"तू गेलीस त्याचा राग माझ्यावर काढतोय."

"बॉक्समध्ये लघवीने भिजून झालेले गोळे आहेत का? वाळूचे?"

"आहेत."

"नक्की बघितलंस?"

"अगं हो, बघितलं म्हटलं ना!"

नव्हतं बघितलं. बॉक्स बाल्कनीत होता. दहा पावलांवर. दोन दिवस मी तो साफसुद्धा केला नव्हता. तिने विषय सोडून दिला, कारण बाबा म्हणाला, बघितलं.

शनिवारी सकाळी तो बाथरूममध्ये आडवा पडला होता. शेजारी उलटी. उचलायला गेलो, पोटाला हात लागला, आणि तो असा ओरडला की मी हात मागे घेतला.

त्याला न्यायची बॅग घरात कुठे असते हेही मला माहीत नव्हतं. कपड्यांच्या बास्केटमध्ये टॉवेल टाकून घेतला त्याला आणि रिक्षा पकडली. कर्वे पुतळ्यापाशी ट्रॅफिकमध्ये अडकलो. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "काका, श्वास चालू आहे ना?"

मी बास्केटवर वाकून नुसता म्हणत होतो, "थांब रे राजा. थांब. आलोच आपण."

इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदा राजा म्हणालो.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी पोट चाचपलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"लघवी कधीपासून बंद आहे?"

"बंद नाहीये. कालपर्यंत करत होता."

"तुम्ही पाहिलीत?"

या वेळी मी म्हणालो, "नाही."

"मूत्राशय दगडासारखं घट्ट झालंय. बोक्यांची लघवीची नळी फार बारीक असते हो. ती अडली की एक दिवससुद्धा थांबायचं नसतं."

"पण उशीवर केली ना त्याने... मला वाटलं, मुद्दाम करतोय."

"अहो, मांजर मुद्दाम करत नाही. बॉक्समध्ये बसलं की दुखतं, म्हणून ते दुसरी जागा शोधतं. तो तुम्हाला दाखवत होता."

त्यांनी नळी घातली. सलाइन लावलं. पण अडलेल्या लघवीचं विष रक्तात भिनलं होतं, ठोके मंदावत होते.

मी बाहेरच्या बाकावरून चार वेळा उठून आत गेलो. "डॉक्टर, काहीही करा. माझ्या मुलीचा आहे तो."

दुपारी दोनच्या सुमारास तो गेला.

निघताना मी विचारलं, "काल आणला असता तर?"

"बहुतेक वाचला असता."

सानिकाला फोन केला. ती रडत रडत म्हणाली, "मीच ते नवीन फूड मागवलं होतं ना? त्यानेच झालं. माझ्यामुळे झालं, बाबा."

आणि मी म्हणालो, "असेल कदाचित."

असेल कदाचित! स्वतःच्या मुलीला.

वर्षभर ती ते घेऊन जगली. तिथे रूममेटच्या मांजराला ती हात लावत नाही, असं बायकोने सांगितलं. तरी मी गप्प.

आज सकाळी तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "एक वर्ष, बाबा?"

तिने फोन ठेवला.

मी पुन्हा लावला. पुन्हा. पुन्हा. उचलत नाहीये.

मघाशी तिचा एक मेसेज आला. "हे सगळं लिही. ज्यांच्याकडे बोके आहेत त्यांना कळू दे." बाकी एक शब्द नाही.

म्हणून लिहितोय.

बॉक्स रोज स्वतः साफ करा, म्हणजे लघवी होतेय की नाही ते कळतं. बोका सारखा बॉक्समध्ये जातोय आणि काही होत नाहीये, भलत्या जागी थेंब थेंब करतोय, खाली सारखं चाटतोय, तर ओरडू नका. तूप देऊ नका. उद्यावर ढकलू नका. उचला आणि डॉक्टर गाठा. त्याच क्षणी.

सानू, फूडमुळे नाही झालं. तुझ्यामुळे काहीही झालं नाही. फोन उचल गं. वाट्टेल ते बोल, पण उचल.

मेथकूट, फार वेदना सोसल्यास रे. तुला रडत रडत निरोप.