गुणवंतीचं जाळं

छप्पन्न साली आमच्या गिरगावातल्या चाळीत मुंबईसाठी जीव द्यायला सगळे तयार होते, पण तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला तीन गज बसवायला कुणालाही सवड नव्हती. आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. गज गंजून गळून पडले होते. घरमालक म्हणे, चाळकमिटीने लिहून द्यावं. कमिटी म्हणे, आधी महाराष्ट्र तर होऊ दे. आणि त्या भगदाडासमोरच्या खोलीत माझी सव्वा वर्षाची दुर्गा नुकती पावलं टाकायला लागली होती.

गुणवंती शीव कोळीवाड्याची. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन रोज सकाळी तीन जिने चढायची आणि भावात कुणाच्या बापाला ऐकायची नाही. एकदा मी ताट आणायला आत वळले, तेवढ्यात दुर्गाने डोकं आणि खांदा भगदाडातून बाहेर काढला. गुणवंतीने पाटी टाकली आणि झबलं धरून तिला मागे खेचलं. बांगडे जिन्यापर्यंत घरंगळले. मग तिने मला जे झाडलं, तसं माझ्या सासूनेही कधी झाडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याचं जुनं जाळं घेऊन आली आणि भर उन्हात बसून तिने ते सगळ्या कठड्याला बांधलं. महिनाभर मजल्यावरची पोरं गॅलरीत मोकळी रांगली.

मग तुरुंगातून सुटून आलेल्या सत्याग्रहींचा सत्कार ठरला. कमिटीचे अध्यक्ष अप्पा म्हणाले, "पाहुणे काय म्हणतील? शिवाय वास येतो." दर शुक्रवारी अप्पांच्या ताटात गुणवंतीचंच पापलेट, त्याचा वास कधी आला नाही! सत्काराच्या सकाळी त्यांनी जाळं कापून काढलं आणि तिथे पताका लावल्या. मी भांडले, तर मला म्हणाले, "वासंतीबाई, एक दिवस पोरीला खाटेला बांधा."

थोड्या वेळाने गुणवंती आली. तिने उघडा कठडा पाहिला, पाटी खाली ठेवली आणि भगदाडाला पाठ लावून बसली.

"भगदाड बुजल्याबिगर मी उठायची नाय."

"अगं, पाहुणे यायचेत!" अप्पा ओरडले. "पोलिसांना बोलवू का?"

"बोलवा. सत्याग्रह काय तुमीच करायचा?"

बारा वाजले. पाटीतली मासळी उन्हात वास मारू लागली आणि तिची दिवसाची विक्री बुडाली. मजल्यावरच्या आम्ही सगळ्या बायका पोरं घेऊन तिच्याशेजारी बसलो. दोन वाजता अप्पांनी सुतार आणला. त्याने भगदाडावर आडव्या फळ्या ठोकल्या. अर्धा तास लागला. आठ महिने जे जमत नव्हतं, ते अर्ध्या तासाचं काम होतं!

चाळीत लगेच कुजबुज सुरू झाली, हिचं मूल नक्की असंच पडून गेलं असणार. मलाही तसंच वाटलं. जाताना मी तिला जिन्यात गाठून हळूच विचारलं.

ती अशी काही भडकली की मी एक पायरी मागे सरले.

"माजी चारी पोरं धडधाकट हायत. का गो बाय? माजं पोर मेलं असतं तरच मना तुजं दिसलं असतं?"