कुकर पडेपर्यंतची उपकारस्तुती

मार्थाबाई गायकवाड यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. हे त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरव अंकात छापावे का, असा प्रश्न संपादक मंडळाला पडला होता. मला तो पडला नाही. बाईंना विचारले असते तर त्याही म्हणाल्या असत्या, छापा.

टिटवाळ्यातली आमची इमारत तेव्हा नवी होती. लिफ्टची नुसती पोकळी होती आणि पाणी टँकरने यायचे. टँकरपाशी कुणीतरी माझी बादली मागे सारली आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. मागून खणखणीत आवाज आला, "तीन मिनिटं झाली. आता कट करते हं!" सगळे हसले. राग गिळून मीही हसले. वळून पाहते तर एक ठेंगण्या, चष्मा लावलेल्या बाई दोन हातांत दोन कळश्या घेऊन उभ्या. माझ्या गळ्यातला क्रूस पाहून त्या म्हणाल्या, "सलाम. संध्याकाळी या आमच्याकडे. प्रार्थना असते, कुकर पडेपर्यंत."

बाई कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलच्या काळात "तीन मिनिटं झाली" हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटले असेल, देवच जाणे. कामात शिस्त अशी की ओळखीचा असो वा साहेब असो, वेळ झाली की झाली. त्यांचे यजमान अण्णा मात्र एक आठवण आवर्जून सांगतात. एक माणूस गावी आजारी असलेल्या आईशी बोलत होता आणि बोलता बोलता रडू लागला. त्या दिवशी बाई तीन मिनिटांचे सांगायला विसरल्या. विसरल्या, असे त्या म्हणतात. बाईंना विसरताना आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी पाहिलेले नाही.

त्यांच्या घरची प्रार्थना अशी. संध्याकाळी भाताच्या शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला, की घरातले सगळे स्वयंपाकघरात यायचे. एक गीत, आणि मग उपकारस्तुती, म्हणजे प्रत्येकाने एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे. कुकर पडला, म्हणजे वाफ जिरून झाकण सुटले, की आमेन आणि पाने वाढायची. नव्या नोकरीत, लहान मुले असताना, बाईंना उपासनेला वेळच सापडेना, त्यातून ही पद्धत निघाली. "देवासाठी वेळ काढायचा म्हटलं की निघत नाही गं," त्या मला म्हणाल्या होत्या. "कुकरसाठी मात्र थांबावंच लागतं. मग रिकामं कशाला थांबायचं?"

नियम एकच, पण कडक. आभार आजच्या गोष्टीचे हवेत. मी पहिल्याच दिवशी घरदार, आरोग्य, मुलंबाळं अशी मोठी यादी सुरू केली, तर बाईंनी अडवले. "ते रविवारी म्हण. आजचं काय?" माझ्याआधी अण्णांनीच म्हटले, "प्रभो, आज मेथी कोवळी मिळाली." मला हसू आले. हळूहळू मात्र दिवसभर माझी नजर काहीतरी शोधू लागली, संध्याकाळी सांगायला हवे म्हणून. समोरच्या कांबळेवहिनी बौद्ध. त्याही कधी मीठ मागायला आल्या तर पाच मिनिटे शांत बसून जायच्या.

वाफ लवकर जावी म्हणून काट्याने शिट्टी उचलायची नाही, हा पोटनियम. भुकेपोटी अण्णांनी एकदा तसे केले, तर त्यांना पुन्हा संपूर्ण गीत म्हणावे लागले. चर्चचे नवे पाळकसाहेब घरभेटीला आले तेव्हा त्यांची प्रार्थना रंगली, कुकर केव्हाच गार झाला. बाई मान वर न करता म्हणाल्या, "पाळकसाहेब, कुकर पडला." पाळकसाहेबांनी तिथल्या तिथे आमेन म्हटले. आजही ते आमच्या इमारतीत थोडक्यातच प्रार्थना करतात.

आता माझ्यावरच्या उपकाराचे सांगते. त्यासाठीच तर लिहायला बसले आहे.

आमचे हे गेले ते जिन्यात. आंबिवलीला बहिणीकडे गेले होते, परत आले, आणि वर चढताना छातीत कळ येऊन कोसळले. तेव्हाही लिफ्ट बसलेली नव्हती. लोक सांत्वनाला यायचे आणि देवाची इच्छा म्हणायचे. एका बाईला तर मी दारातूनच वाटेला लावले. मार्थाबाई आल्या तेव्हा मी आधीच बजावले, "बाई, देवाशी मी बोलणं टाकलंय. मला उपकारस्तुती शिकवायला येऊ नका."

"नाही शिकवत. तांदूळ कुठे ठेवतेस?"

त्या दिवसापासून बाई रोज संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊ लागल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी दोन मजले चढून यायच्या. स्वतःच्या घरची प्रार्थना त्यांनी अण्णांवर सोपवली. मी तांदूळ धुवायचे, त्या स्टुलावर बसायच्या. गॅस बंद झाला की म्हणायच्या, "प्रभो, सुमन तुझ्याशी बोलत नाही. तिचा राग खरा आहे. तिच्या वाटचे आभार तूर्त मी मानते. आज तिने दोन घास जास्त खाल्ले." कधी म्हणायच्या, आज तिने केस विंचरले. कुकर पडला की उठून जायच्या. "आता बोलशील का?" असे त्यांनी एकदाही विचारले नाही. विचारले असते तर मी भांडले तरी असते! अशा माणसाशी भांडायचे तरी कसे?

असेच महिने गेले, आणि एके दिवशी लिफ्ट सुरू झाली. इमारतीत पेढे वाटले. माझ्या अंगाची नुसती आग झाली. संध्याकाळी बाई लिफ्टने वर आल्या, बसल्या, आणि "तिच्या वाटचे..." एवढे म्हणाल्या तोच मी ओरडले, "माझ्या वाटचं मी सांगते! प्रभो, लिफ्ट आली. फार उशिरा आणलीस रे. फार उशिरा. पण बाईंचे गुडघे दुखतात. त्यांना आता चढायला नको. तेवढ्याबद्दल..."

किती वेळ रडले ते मला ठाऊक नाही. कुकर कधीच पडला होता, भात पार निवला. बाई माझा हात धरून बसून राहिल्या. त्यानंतर माझे देवाशी बोलणे पुन्हा सुरू झाले. अजून भांडते त्याच्याशी, पण रोज बोलते.

बाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत असताना त्यांचा तो खणखणीत आवाज नाही, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर बोलायला मनाई आहे आणि आवाज कितपत परत येईल, ते डॉक्टरही सांगत नाहीत. आता संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाते. परवा गॅस बंद झाल्यावर मी म्हटले, "प्रभो, बाईंच्या वाटचे आभार तूर्त मी मानते. आज त्यांना पेज नीट गिळता आली." एवढ्यावर थांबायला हवे होते. पण माझा स्वभाव! "आणि प्रभो, आवाजच घ्यायचा होता तर माझा घ्यायचास, मी काय चांगलं बोलते? ह्यांचाच का..." असा मी देवाला जाब विचारत सुटले.

टण्! टण्!

डोळे उघडले तर बाई पळीने कुकरवर ठोकत होत्या. अण्णा हसून लोटपोट झाले. बाईंचेही खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होते. मी आमेन म्हटले आणि पाने घेतली.

मार्थाबाई, आमच्या मंडळीच्या वतीने तुम्हांला सलाम. प्रभू तुम्हांला उदंड आयुष्य देवो, गुडघ्यांना बळ देवो, अण्णांची सोबत देवो. तुमच्या तोंडून "सुमन, कुकर पडला" हे मला पुन्हा ऐकायचे आहे. त्याला वेळ लागला तर लागू दे. तोवर तुमच्या वाटचे मी म्हणेन, आणि पळी तुमच्या हाताशी ठेवीन.