कपाटावरचे बूट

चांगल्या बुटाला जास्त पैसे घालावेत की नाही, हा वाद आमच्या घरात नऊ वर्षं चालला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बाबा, आणि मध्ये आई. ती आम्हा दोघांनाही येडं समजायची आणि तसं तोंडावर सांगायचीही.

बाबा पूर्णेला रेल्वेत कीमन होते. रोज सकाळी हातोडा आणि पाना खांद्यावर टाकायचा, रुळाच्या कडेनं आपल्या हद्दीच्या टोकापर्यंत चालत जायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या बघायच्या, ढिली दिसली की ठोकून बसवायची आणि तसंच चालत परत यायचं. हे सगळं खडीवरून. खात्याकडून बूट मिळायचे, ते बाबा पेडगावला शेती करणाऱ्या माझ्या काकांना देऊन टाकायचे. म्हणायचे, "शेतात साप ऱ्हातो. रुळावर कुठला आलाय साप?" स्वतः मात्र टायरच्या तळाची चप्पल घालून उभी नोकरी काढली. मी काही बोलले की म्हणायचे, "ज्या टायरवर ट्रक पळतो त्याच्यावर मानूस चालणार न्हाई का?" याचं उत्तर शेवटी त्यांच्या टाचेनं दिलं, तेही निवृत्तीच्या तोंडावर.

सकाळी पलंगावरून उतरले की पहिली चार पावलं ते भिंतीला धरून टाकायचे. विचारलं तर म्हणायचे, "काय न्हाई. पाय झोपला हुता." पाय रोज सकाळी नेमानं कसा काय झोपतो, हे विचारायची सोय नव्हती.

निवृत्त झाल्यावर त्यांचा दिनक्रम ठरलेला होता. चहा घेऊन स्टेशनवर जायचं, बरोबरीच्या निवृत्त लोकांसोबत बाकावर बसायचं आणि येणाऱ्या गाडीला नावं ठेवायची. मग हळूहळू ते स्टेशनऐवजी कोपऱ्यावरच्या हॉटेलापर्यंत जायला लागले. मग तेही सुटलं. जन्मभर चाललेला माणूस ओट्यावर बसून नुसत्या आवाजावरून गाडी ओळखायला लागला. मला ते बघवत नव्हतं. खरं सांगते, मला बुटांचं काहीच कौतुक नव्हतं. मला बाबांना परत स्टेशनवर जाताना बघायचं होतं, एवढंच.

त्याच वर्षी माझी शिक्षणसेवकाची तीन वर्षं संपली आणि पहिला पूर्ण पगार हातात आला. बाबा दुकानात येणार नाहीत हे माहीत होतं. म्हणून एका दुपारी ते झोपले असताना त्यांच्या तळव्याला वर्तमानपत्र लावून पेन्सिलनं माप काढलं. तळवा इतका निबर की त्यांना गुदगुल्यासुद्धा झाल्या नाहीत. तो कागद घेऊन परभणीला गेले आणि दुकानदाराला म्हटलं, सगळ्यात मऊ तळाचा बूट दाखवा.

बूट घरी आणले. बाबांनी ते मांडीवर घेतले, चामडं चाचपलं आणि बोटाच्या पेरानं तळावर टकटक केलं. आयुष्यभर आवाजावरून लोखंड ओळखलेला माणूस, बुटालाही ठोकून बघणारच.

"किती?"

इथे माझं चुकलं. खरं बोलायची खोड मला त्यांनीच लावलेली होती. म्हटलं, "साडेतीन हजार."

"साडेतीन हजार! अगं, एवढ्यात दूध देनारी शेळी आली असती."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "मंग तिच्यावर बसून जा टेसनावर."

बूट खोक्यात गेले आणि खोकं कपाटावर गेलं. "चांगल्या कामाला घालीन," बाबा म्हणाले. मला वाटलं, महिनाभरात निघतीलच. आमच्याकडे चांगल्या कामांचा काय तोटा? पण बाबांनी एकेक चांगलं काम असं काही निकालात काढलं की वकील झाले असते तर आम्ही बंगल्यात राहिलो असतो. भाच्याचं लग्न निघालं. म्हणाले, "लग्नात नवे बूट कोन घालून जातं? जेवून उठेस्तोर दुसऱ्याच्या पायात जात्यात." विहारात जायचं निघालं, तर "दारात काढायचेच हैत, तर मग घालायचे कामून?" पेन्शनच्या कामाला बँकेत गेले तेव्हाही पायात टायरच, कारण साहेबानं बूट बघितले की तो म्हणणार, ह्याला कशाला पेन्शन पायजे. पावसाळ्यात काळी माती दोन-दोन किलोनं पायाला चिकटते, उन्हाळ्यात बुटात पाय उकडतो, आणि आमचा हिवाळा तर अंग चोरून येतो नि चोरूनच जातो.

टाच दाखवायला डॉक्टरकडे न्यायला निघालो तेव्हा तर मी हातच जोडले. म्हटलं, निदान आज तरी घाला. तर म्हणाले, "येडी हायस का? बूट बगून दहाची गोळी पन्नासला लिहून देतो त्यो." डॉक्टरनं मऊ तळाचं पादत्राण वापरायला सांगितलं. बाबांनी मान डोलावली, "हायत की घरी!" असं अभिमानानं सांगितलं आणि टायरच्या चपला घालून घरी आले.

बुटांची सेवा मात्र राजेशाही होती. दर रविवारी खोकं खाली यायचं. जुन्या बनियननं बूट पुसायचे, आत वर्तमानपत्राचे बोळे भरायचे, पाव्हणा असला तर त्याच्या हातात द्यायचे. "पोरीच्या पहिल्या पगाराचे." पाव्हणा उलटेसुलटे करून बघायचा, किंमत विचारायचा, तोंडावर हात ठेवायचा. मग बाबा खूश होऊन खोकं परत वर. आमच्या गल्लीत त्या बुटांना सगळे ओळखत होते, फक्त पायात कुणी बघितले नव्हते.

एका सुट्टीत मी रागानं दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी हाक मारली. जाऊन बघते तर स्वारी पलंगावर पाय लांब करून बसलेली, पायात बूट. तळाला धूळ लागू नये म्हणून पलंगावर!

"बग, घातले. झालं समाधान?"

अर्धा तास तसेच बसले होते. आईनं त्यांना चहाही पलंगावर नेऊन दिला आणि विचारलं, "कुठवर आलाव चालत?"

अशी नऊ वर्षं गेली. मी राणीसावरगावच्या शाळेत शिकवत होते, तिथून पेडगावला बदली झाली. गावानं निरोपाचा कार्यक्रम ठेवला आणि आई-बाबांनाही बोलावलं. आई नंतर सांगत होती, बोलावणं आल्याबरोबर बाबा स्टुलावर चढले आणि स्वतः खोकं खाली काढलं.

"हे हाय चांगलं काम," म्हणाले.

पासावर गंगाखेडपर्यंत रेल्वेनं आले, तिथून जीपनं. मी शाळेच्या फाटकात उभी होते. लांबून बाबा येताना दिसले. पांढराशुभ्र शर्ट, ताठ मान आणि पायात ते बूट. नऊ वर्षांचं भांडण मी एका क्षणात माफ करून टाकलं.

मग मला त्यांच्या मागून येणारी आई दिसली. ती चार पावलं चालत होती आणि वाकून रस्त्यावरून काहीतरी वेचत होती. जवळ आली तेव्हा तिच्या पदरात काळे-काळे तुकडे होते. करपलेली भाकरी कुस्करावी तसा बुटांचा तळ कुस्करून रस्ताभर सांडत आला होता.

"जोडता येतेत का बगू," आई म्हणाली.

रुळाची ढिली चावी ज्या माणसाला लांबून कळायची, त्याला स्वतःच्या पायाखालचा तळ गेलेला फाटकापर्यंत कळला नव्हता. बाबांनी एक पाय उचलून बघितला. मग दुसरा. वरून बूट चकाचक आणि खाली मोजे. त्यांचा चेहरा असा उतरला की माझं हसू जागच्या जागी जिरलं.

"गप," ते हळूच म्हणाले. "कोनाला सांगू नको. आज तुझा दिवस हाय."

ते पहिल्या रांगेत पाय खुर्चीखाली ओढून बसले. त्यातल्या त्यात नशीब म्हणजे, मंचावर महापुरुषांच्या फोटोंना हार घालायचे होते, म्हणून वर जाणाऱ्या प्रत्येकानं पायरीशी चपला काढल्या. माझ्यासोबत बाबांनाही शालीसाठी वर बोलावलं, तेव्हा त्यांनी ते बूट अलगद काढून सगळ्यांच्या चपलांच्या मधोमध ठेवले. वरून बघणाऱ्याला सगळ्यात देखणे तेच. शेजारी उभे असलेले सरपंच कौतुकानं म्हणाले, "बाबा, बूट लय भारी हायत."

"पोरीच्या पहिल्या पगाराचे," बाबा म्हणाले.

मी मंचावर हसत होते आणि रडतही होते. लोकांना वाटलं, बाईंना गाव सोडवत नाही. तेही काही खोटं नव्हतं.

परतीला जीपपर्यंतचा रस्ता बाबांनी जवळजवळ मोज्यांवरच कापला. लंगडत होते. मी नुसतं बघितलं, तर म्हणाले, "काय न्हाई. पाय झोपलाय."

पूर्णेला स्टेशनच्या रस्त्यावर बसणाऱ्या चांभारदादाकडे मी बूट नेले. त्यानं उरलेला तळ चिमटीत धरून चुरला.

"वापरले न्हाईत ना?"

"नाही. जपून ठेवले होते."

"तेच की. हा मऊ तळ नुसता ठिवला की आतल्या आत सडतो. रोज घातले असते तर चार वर्सं सुखानं चालले असते. लय येतेत माझ्याकडं असे, कपाटातले." मग त्यानं वरचं चामडं दाबून बघितलं. "ह्याला मात्र काय झालं न्हाई. चीज अस्सल हाय. टायर मारून देऊ का?"

मी नको म्हणायच्या आत मागून आवाज आला, "मारा." बाबा माझ्या पाठोपाठ आले होते.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी ते बूट रोज घालायला सुरुवात केली. चिखल नाही, धूळ नाही, कशाची म्हणून फिकीर नाही. "आता झाले बूट," म्हणाले. साडेतीन हजाराचं चामडं आणि खाली ट्रकचा टायर. नवेपणाचं ओझं उतरलं आणि माणूस मोकळा झाला. ते परत स्टेशनवर जायला लागले. मी पेडगावहून रोज फोन करायचे, आई सांगायची, "गेलेत टेसनावर." मला वाटलं, जिंकले एकदाची.

महिन्याभरानं आईनं फोनवर आवाज बारीक केला. "आल्याबरूबर मिठाच्या पाण्यात पाय घालून बसायलेत. तुला सांगू नको म्हनले."

टायर तो शेवटी टायरच. जी टाच खडीवर झिजली होती ती आता परत त्याच कडक तळावर आपटत होती, आणि बाबा आनंदानं आपटून घेत होते. का, तर वरचं चामडं माझ्या पगाराचं होतं.

मी पुन्हा परभणीला गेले. मापाचा तो वर्तमानपत्राचा कागद नऊ वर्षं माझ्या पर्समध्ये होता. जपून ठेवायची खोड काही एकट्या बाबांची नाही. तसाच मऊ तळाचा बूट घेतला, खोकं दुकानातच सोडून दिलं आणि रविवारी सकाळी पूर्णेला घरी गेले.

बाबा ओट्यावर बसले होते. त्यांच्या समोर अंगणात नळाखाली काळ्या मातीचा चिखल कायम असतो. मी माझ्या चपला काढल्या, ते नवे बूट स्वतःच्या पायात अडकवले आणि सरळ चिखलात शिरले. बूट मला मोठे होते, पाय आत खुळखुळत होते. तरी या कडेपासून त्या कडेपर्यंत दोनदा चालले.

बाबा ओट्यावरून अर्धे उठले. "अगं, अगं! नवे हैत ना ते!"

"होते," मी म्हटलं.

आई दारात येऊन पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी चिखलानं माखलेले बूट काढले, आतून कोरड्या फडक्यानं पुसले आणि बाबांच्या पुढ्यात ठेवले.

"किती?" त्यांनी विचारलं.

"जुन्या बुटाला किंमत नसते."

त्यांनी एकदा पेरानं तळावर टकटक करायला हात पुढे नेला आणि चिखल बघून मागे घेतला. मग ओट्याच्या कडेला सरकले आणि उजवा पाय पुढे केला. मी खाली बसून बूट चढवला आणि नाडी ओढून बांधली.

"जरा सैल बांध, माय," बाबा म्हणाले. "टाच लय दुखती गं."

मी मान वर केली नाही. नाडी सोडली आणि परत सैल बांधली.