शिवणाच्या दुकानातले विषय

रोज नवा विषय आणायचा म्हणजे खायचं काम नाही. लोकांना वाटतं, बसल्या जागी चार ओळी खरडायच्या, त्यात काय एवढं! धाकटीला विचारा. घरसंसाराच्या एका वेबसाइटवर ती रोज एक लेख लिहायची आणि सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, आज काय लिहू? डाग कसे काढावेत, मुलांना वेळेवर झोपवावं कसं, सगळं कधीच लिहून झालेलं. संपादकबाई अशा खमक्या, की जुना विषय नवे कपडे घालून आला तरी दारातूनच परत पाठवायच्या.

तरी धाकटीचं निभावलं, कारण तिला ताई होती, तिची थोरली बहीण. मागच्या गल्लीत ताईचं शिवणाचं दुकान होतं. एक मशीन, एक उंच आरसा आणि कपडे बदलायला पडद्याआडचा कोपरा. ताई काही वाचत-बिचत नसे. पण माप देताना माणूस हात पसरून उभा राहतो, पळणार कुठे? मग तो बोलतो. सून दोन शब्द बोलत नाही, नवरा निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघरात लुडबुडतो, घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही. ताई टेप गळ्यात टाकून सगळं ऐकायची आणि दुपारी दुकानात सामसूम झाली की फोन करायची. "घे, कोरा करकरीत विषय आहे!" नाव मात्र कुणाचं सांगायची नाही. ते पथ्य तिने कधी मोडलं नाही.

एकदा तिने सांगितलं, एक बाई गेलेल्या नवऱ्याचा कोट घेऊन आली आणि म्हणाली, माझ्या मापाचा करून द्या. गेलेल्या माणसाच्या कपड्यांचं काय करावं, यावर धाकटीने लेख लिहिला. लोकांनी तो एकमेकांना पाठवला. संपादकबाईंनीसुद्धा पहिल्यांदाच तोंड भरून कौतुक केलं.

काही आठवड्यांनी ताईने कोटवाली बाई पुन्हा सांगितली, अगदी नवीन म्हणून. "उष्टा विषय देतेस होय गं?" धाकटी हसली. ताईही हसली. मग आणखी एकदा तेच झालं. त्या दिवशी धाकटीचा लेख परत आला होता, डोकं आधीच फिरलेलं. ती फाडकन बोलली, "अगं, लक्ष कुठे असतं तुझं? तेच तेच काय सांगतेस? अशानं माझं काम जाईल!"

पलीकडून ताई "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर दुपारचा फोन येईनासा झाला. धाकटीला वाटलं, रुसली असेल, येईल आपणहून. विषयांचा खडखडाट झाला तेव्हा कुठे बाईसाहेब दुकानात गेल्या. तिथे एक गृहस्थ आरशासमोर उभे होते आणि त्यांची पँट नडगीवर आली होती. "बोटभर कमी करा म्हटलं होतं हो," ते बिचारे म्हणत होते. ताईने केली होती कमी. मग विसरून पुन्हा केली, आणि बहुतेक पुन्हा. ती त्यांच्या पायाशी बसून दुमड चाचपत होती.

गृहस्थ गेल्यावर ती म्हणाली, "फोन करायचा होता गं. पण तुला काय सांगितलंय नि काय नाही, तेच आठवेना. म्हटलं, उगाच तुझं काम जायचं."

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सरळ सांगितलं, औषधाने वेग थोडा कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. दुकान बंद झालं. धाकटीने ताईला मशीनसकट आपल्या घरी आणलं. आता ताई शेजारच्या खुर्चीतूनच रोज कोटवाली बाई सांगायची, आणि धाकटी म्हणायची, "वा ताई, असलं कधी ऐकलं नव्हतं!" खोटंच ते. पण जोवर ताई विषय देतेय, तोवर ती आपल्याला ओळखतेय, एवढ्याच एका आशेवर तिचे दिवस चालले होते.

एका दुपारी संपादकबाईंचे निरोपावर निरोप येत होते आणि धाकटीला काही म्हणजे काही सुचत नव्हतं. तेवढ्यात ताई बोलली.

"माणसं माप देताना पोट आत घेतात. श्वास रोखून! मग कपडा घट्ट झाला की शिवणारणीच्या नावाने शंख. कुणीतरी सांगायला हवं, बाबांनो, आहात तसे उभे राहा."

धाकटीचे हात थांबले. हा विषय खरोखरच नवा होता. ती हरखून वळली. "किती छान गं ताई! लिहू का?"

ताईने नव्या गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं अदबीने तिच्याकडे पाहिलं. "रागावू नका हं, पण हा तुम्हाला नाही देता येणार. माझी धाकटी बहीण लिहिते. तिला रोज नवीन काहीतरी लागतं. तिच्यासाठी ठेवलाय."

धाकटी म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. तिलाच द्या."

"देईन की." ताईचा आवाज खाली आला. "पण आधी सांगितला असला तर? रागावेल का हो ती?"

"नाही हो," धाकटी म्हणाली. "वाट बघत असेल तुमच्या फोनची."

मग तिने संपादकबाईंना कळवलं, आज माझ्याकडे विषय नाही.