खिळ्यावरची चाळणी आणि दोन भिंगांचं डबडं

कॅमेरा घरी आला तेव्हा बायको म्हणाली होती, "फोटो किती निघतील ते सांगता येत नाही, पण तमाशे बम निघतील." वर्ष झालं. कपाटात फोटोंचं पाकीट एकच आहे, आणि किस्से इतके साचलेत की शेलूबाजारच्या माझ्या कृषी केंद्रात बियाणं घ्यायला आलेला माणूस पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारतो, "विनूभाऊ, नवीन काय केलं तुमच्या डबड्यानं?" रोज थोडं थोडं सांगून माझा घसा बसला. आता एकदाच बसून ऐका.

आधी डबडं कसं आहे ते. किलोभर वजनाची चौकोनी पेटी. समोर दोन भिंगं, एकाखाली एक. वरच्यातून आपण बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. डोळ्याला लावायचं नाही; पोटाशी धरायचं आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. रोल चांगला जाड, फोटो मात्र बाराच! रोल पुण्याहून कुरिअरनं येतो, धुतो मी घरी. आज काढलेला फोटो बघायला कधी आठ दिवस, कधी महिना.

कॅमेरा आमच्याच गावच्या दत्तूभाऊ फोटोवाल्याचा. म्हातारपणी तो पोराकडे राहायला गेला, जाताना मला देऊन गेला. मी कॅमेरा गळ्यात अडकवून पहिल्यांदा गल्लीत निघालो, तर समोरच्या सिंधूमामीनं दारातूनच ओळखला.

"हाच थो! यानंच माह्या लग्नाचे फोटो खाल्ले!"

सिंधूमामी आणि पुंडलिकमामा माझ्या दुकानासमोर राहतात. रक्ताचं नातं नाही, पण अख्खी गल्ली त्यांना मामा-मामीच म्हणते. त्यांच्या लग्नात दत्तूभाऊनं याच कॅमेऱ्यात एक रोल काढला होता. बाराच्या बारा वाया. "मी जेवाले बसलो, उठून पाह्यतो तं रोलमंधी उजेड शिरलेला," एवढंच तो शेवटपर्यंत सांगत राहिला. मामीनं त्याला कधी माफ केलं नाही. मामा तर तिच्याही वरचढ! "फोटोवालाच खादाड होता, दुसरं काय!" असं दर वेळी म्हणायचे.

लग्नाचा फोटो टांगायला मामीनं भिंतीत खिळा ठोकून घेतला होता. त्या खिळ्यावर तेव्हापासून चाळणी टांगलेली होती.

मी म्हटलं, "मामी, मोबाइलवर काढू ना जोडीचा फोटो. आत्ता होईल."

"मोबाइलातला नोको. ज्यानं खाल्ला, त्यानंच द्यावा."

झालं! माझ्या मानेवर काम बसलं.

* * *

पण आधी ते डबडं उघडायला तर पाहिजे! रोल घालायचा कुठून? चार दिवस मी उलटंपालटं करत होतो. शेवटी मुश्ताकभाईकडे नेलं. मुश्ताकभाई म्हणजे आमच्या चौकातलं गॅरेज. ट्रॅक्टरचं इंजिन तो डोळे मिटून खोलतो. त्यानं अर्धा दिवस घातला, चार पाने लावून बघितले, फुंकर मारली, कानाशी धरून हलवलं.

"विनूभाऊ, हे खुलतच नाही. कंपनीनं गिऱ्हाइकासाठी बनवलंच नसंल."

शेवटी मोबाइलवर एका परदेशी म्हाताऱ्याचा व्हिडिओ सापडला. पेटीच्या बुडाशी एक चपटी चकती असते, ती आधी दाबायची आणि मग उलटी फिरवायची. तेव्हा पाठीचं झाकण सुटतं. बघितलेलं नसेल तर बापजन्मी सापडायचं नाही. मुश्ताकभाईनं तो व्हिडिओ तीनदा बघितला आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

* * *

पहिला रोल भजनी मंडळाचा. चौदा माणसं, टाळ-मृदंगासकट, मारुतीच्या पारावर. मी पेटी पोटाशी धरली, मान खाली घातली, खटका दाबला. चांगले चार फोटो काढले.

धुतल्यावर बघतो तर चौदा टोप्या! एकाचंही तोंड नाही.

मी मंडळाच्या बुवांकडे गेलो. "बुवा, सगळ्यांनी माना खाली काहून घातल्या?"

बुवा म्हणाले, "तुमीच पयले वाकले ना! एवढा शिकला-सवरला माणूस आमच्यापुढं मान वाकवते, मंग आमी का ताठ बसाव?"

तेव्हापासून फोटोच्या आधी मी ओरडून सांगतो, "मी वाकीन, तुमी वाकू नका!" तरी लोक वाकतातच. पुंडलिकमामा तर हमखास. मी मान खाली घातली की त्यांचीही गेलीच.

* * *

मामीचा पहिला फोटो असा झाला. मामीनं पत्र्याच्या पेटीतून लग्नाचा शालू काढला, डांबरगोळ्यांचा वास गल्लीभर. मामांनी धोतर बदललं. दोघं ओट्यावर बसले. काचेत इतकं सुंदर दिसत होतं म्हणता! मी सहा फोटो काढले.

सहाही कोरे. खालच्या भिंगावरचं झाकण मी काढलंच नव्हतं! वरच्यातून मला सगळं दिसत होतं, त्यामुळे पत्ता लागायचं कारणच नव्हतं.

हे मामीला सांगायला जाताना मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं शालूची घडी घातली, पेटीत ठेवला, आणि मग म्हणाली, "दत्तू परवडला. थो जेवला तरी व्हता."

* * *

कॅमेऱ्यासोबत एक प्रकाश मोजायचं यंत्र आहे. तळहाताएवढं, वर पांढरी गोळी. माणसाच्या हनुवटीजवळ धरायचं, उजेड किती ते काटा सांगतो.

मेडशीच्या बाजारात एक आजोबा मिरच्या विकत होते. झकास चेहरा! मी यंत्र हनुवटीजवळ नेलं. आजोबांनी टोपी सरळ केली, खाकरले आणि सुरू झाले, "सोयाबीनले भाव नाही. तूर वाळून राह्यली. अन् आमच्या वस्तीवरचा खांबाचा लाईट महिन्यापासून बंद हाय, कोणी पाह्यत नाही!"

मी हात मागं घेतला की ते यंत्रामागं पुढं सरकायचे. गर्दी जमली. मागं आणखी दोघं रांगेत उभे राहिले. एका बाईनं विचारलं, "कोणत्या च्यानलवर दाखवसान?" काय सांगू! "बघतो," म्हणालो आणि पळालो.

पुढच्या बाजाराला आजोबांनी मला लांबूनच हाक मारली. वाटलं, आता शिव्या. तर त्यांनी किलोभर मिरच्या माझ्या पिशवीत ओतल्या.

"लागला भाऊ लाईट! तुमच्या बातमीनं दुसऱ्याच दिवशी लागला!"

* * *

रोल धुण्याआधी तो अंधारात डब्यात भरावा लागतो. त्यासाठी एक काळी पिशवी असते, तिला दोन बाह्या. कोपरापर्यंत हात आत घालायचे आणि चाचपडत रोल गुंडाळायचा. डब्याचं झाकण लागेपर्यंत हात बाहेर काढायचे नाहीत, नाही तर सगळे फोटो गेले.

मी असाच पलंगावर बसलो होतो आणि न सांगता सासरे आले, केनवडहून. सोबत त्यांचे थोरले भाऊ. पाया पडायला पाहिजे, हात पिशवीत!

मी बसल्या जागीच मान वाकवली. "माफ करा बाबा, हात काढता येत नाहीत."

सासऱ्यांनी पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग अर्चनाला, म्हणजे माझ्या बायकोला, हळूच विचारलं, "कवापासून हाय हे?"

ती चहा गाळत होती. तिला वाटलं, कॅमेऱ्याचं विचारतायत. "वर्ष झालं बाबा. पयले मलेबी लय तरास झाला. आता सवय झाली."

सासऱ्यांचे डोळे भरून आले. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला आणि स्वतःच्या हातानं मला पाजला. मला वाटलं, किती प्रेमळ माणूस! रोल गुंडाळायच्या नादात मीही प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. "जावईबापू, केनवडले हाडं बसवणारा एक लय गुणी माणूस हाय. हात तुटलेलेबी चालतात त्याले."

* * *

मामीचा दुसरा फोटो. या वेळी झाकण काढलं, तीनदा तपासलं. पण मामा अडून बसले, "पयले म्हशीचा काढ. दोन दिवसांनी विकली गेली तं राहून जाईन." काढला म्हशीचा. मग जोडीचा. मग रोल संपेपर्यंत पोराबाळांचे.

आता या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोनंतर रोल हातानं पुढं फिरवावा लागतो. म्हशीनंतर मी फिरवला नाही! दोन्ही फोटो एकावर एक. मामी अगदी स्वच्छ आली, शालूचा काठ न् काठ दिसतोय. आणि तिच्या शेजारी मामांचं धोतर, वर बरोब्बर मामांच्या खांद्यांच्या मधोमध, म्हशीचं तोंड.

मामा खूष. "म्हैस चांगली आली रे!"

मामीनं फोटो उजेडात धरून बराच वेळ बघितला. "मी ठीक आली. हेबी जसे हायेत तसेच आले. पण लोकाईले कायले सांगाव?"

फोटो तिनं परत दिला. चाळणी पुन्हा खिळ्यावर गेली. मी हसलो खरा, पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही. माणसानं आयुष्यात एक गोष्ट मागितली आणि आपल्याला तीही धड देता येऊ नये!

* * *

ती चाळणी आता स्वयंपाकघरात गेली आहे. ती कशी गेली, तेवढं सांगतो.

माझ्याकडे दोनच रोल उरले होते; एक नेहमीप्रमाणे घरीच भरला, दुसरा खिशात. त्या दिवशी मी कागदावर यादी लिहून नेली: झाकण काढणे, रोल फिरवणे, म्हैस नाही. मुश्ताकभाईला साक्षीदार म्हणून सोबत घेतलं. चार वाजताचं ऊन ओट्यावर मस्त तिरपं आलेलं. मामी शालूत. मामांनी चक्क दाढी केलेली.

मुश्ताकभाई यादी वाचत होता. "झाकण?" "काढलं." "म्हैस?" "गोठ्यात."

मी खटका दाबला. नव्या रोलचा पहिलाच फोटो. मामांची मान नेमकी वर, मामी हसलेली. मला आतून कळलं, जमलं! कॅमेरा बाजेवर ठेवला आणि हात-तोंड धुवायला नळावर गेलो.

मामीला मात्र चैन नव्हतं. "आला असंल का रे?"

"मामी, धुतल्याबिगर नाही समजत. आठ दिवस तं थांबा," मी नळावरूनच म्हणालो.

तिचा चेहरा एकदम उतरला. "एवढी वर्षं थांबली बाप्पा. याबी वक्ती गेला तं मंग नाही बसत मी." आणि तिनं डोळ्याला पदर लावला.

मामांना ते बघवलं नाही. "रडतं कायले वं? आला असंल. थांब, पाहूनच घेऊ."

त्यांनी बाजेवरचा कॅमेरा उचलला. उलटा केला. बुडाची चकती अंगठ्यानं दाबली, उलटी फिरवली, आणि खट्‌! पाठीचं झाकण उघडलं. भर उन्हात.

मी नळावर ओंजळीत पाणी घेऊन तसाच उभा. फोटो गेला, हे मला समजत होतं. पण ओट्यावर वेगळंच काहीतरी चाललं होतं.

मुश्ताकभाई हळूच म्हणाला, "मामा... मी अर्धा दिवस घातला व्हता."

मामीनं पदर खाली घेतला. कॅमेऱ्याकडे तिनं बघितलंच नाही. "काहो, हे कुठून उघडते, तुमाले कसं माईत?"

मामांनी झाकण अलगद लावलं. कॅमेरा बाजेवर ठेवला. "म्हशीले पाणी दाखवाचं राह्यलं वाटते," म्हणत उठले.

"पेली थे पाणी. इथं बसा."

मामा बसले.

"विनू, दुसरा रोल हाय का?"

"आहे मामी. शेवटचा."

"घाल."

मी रोल घातला, फिरवला, झाकण बघितलं. मुश्ताकभाई यादी वाचायला विसरला. मी पेटी पोटाशी धरली आणि काचेत बघितलं. मामी ताठ, थेट माझ्याकडे बघत होती. मामांची मान खाली, हनुवटी छातीला टेकलेली.

"मामा," मी म्हटलं, "मान वर करा."

"राहू दे," मामी म्हणाली. "खालीच राहू दे. काढ तू."

मी खटका दाबला.